नवजात वासराला सडाला लावताना: आधी चीक, मग शिकवणी

वासरू जन्मलं, गायीने त्याला चाटून कोरडं केलं, धडपडत का होईना ते उभंही राहिलं. आता ते गायीच्या पुढच्या पायांत, छातीखाली, भिंतीच्या कोपऱ्यात सगळीकडे तोंड घालतंय, फक्त सड तेवढे सापडत नाहीत. बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो आणि हात आपोआप वासराच्या मानगुटीकडे जातो. बहुतेक वेळा गडबड इथूनच सुरू होते.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. तुमच्यापुढे कामं दोन आहेत आणि ती वेगवेगळी ठेवायची आहेत. पहिलं काम म्हणजे वासराच्या पोटात चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं दाट दूध, जाणं, आणि ते घड्याळाला बांधलेलं आहे. दुसरं म्हणजे वासराने स्वतः सड शोधून लुचायला शिकणं. त्याला घड्याळ लावून चालत नाही. एखादं वासरू दहा मिनिटांत शिकतं, एखाद्याला दोन-तीन दिवस लागतात. शिकवण्याच्या नादात चिकाची वेळ निघून गेली तर वासराच्या जिवावर बेततं. उलट चिकाच्या घाईत सडाशी झोंबाझोंबी केली तर वासरू सडालाच बुजतं, गायही बिथरते.

चिकाची घाई कशासाठी

गाय गाभण असताना तिच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं, म्हणजे अँटिबॉडी, वारेतून (गर्भाला गर्भाशयाशी जोडणाऱ्या आवरणातून) वासराकडे जात नाहीत. गायीच्या वारेची रचनाच तशी आहे. त्यामुळे वासरू जन्मतं ते जवळपास निःशस्त्र. हे संरक्षण त्याला पहिल्या चिकातूनच मिळतं, आणि तेही ठरावीक वेळेतच. जन्मानंतर काही तास वासराच्या आतड्यातून अँटिबॉडी जशाच्या तशा रक्तात उतरू शकतात. पहिल्या चार ते सहा तासांत हे काम सर्वांत चांगलं होतं, बारा तासांनंतर बरंच मंदावतं आणि चोवीस तासांच्या आसपास दार बंद होतं. त्यानंतर पाजलेला चीक पोषण देतो, आतड्याच्या आतल्या बाजूला थोडंफार संरक्षणही देतो, पण रक्तात जायचं ते जात नाही.

प्रमाण सांगायचं तर पहिल्या चार-सहा तासांत वासराच्या वजनाच्या साधारण १० टक्के चीक पोटात जायला हवा. २५ किलोच्या वासराला अडीच लिटर, ३५ किलोच्या वासराला साडेतीन लिटर. त्यानंतर बारा तासांच्या आत याच्या निम्मा पुन्हा. सशक्त वासरू आईच्या अंगावर थोडं थोडं करून एवढं सहज पितं. अशक्त वासराला एका दमात जात नसेल तर लिटर-सव्वा लिटरचे दोन-तीन भाग करा, पण ते सगळे त्या पहिल्या तासांतच बसवा.

‘वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही’ हा समज अजून पुष्कळ जण धरून आहेत. तो सोडून द्या. वार पडायला बारा तासही लागू शकतात आणि तोवर वासराची महत्त्वाची वेळ संपलेली असते. वासरू लुचतं तेव्हा गायीच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं. त्याने पान्हा येतो आणि गर्भाशयही आकुंचन पावतं. म्हणजे लवकर पाजल्याने वारेला अडथळा होत नाही, झाली तर मदतच होते.

पहिला तास: हात आवरा, डोळे उघडे ठेवा

वासरू बाहेर आल्यावर नाकातोंडातला चिकट स्राव बोटाने काढा. श्वास रेंगाळत असेल तर गवताची काडी नाकपुडीत फिरवा. शिंक आली की श्वास मोकळा होतो. वासराला आडवं पडू देऊ नका, छातीवर बसवा आणि मागचे पाय दोन्ही बाजूंना पसरून ठेवा. अशा बसण्याने दोन्ही फुप्फुसं नीट फुलतात. बेंबीला ७ टक्क्यांचं टिंक्चर आयोडीन लावा. वरवर फासण्यापेक्षा लहान भांड्यात घेऊन नाळ पूर्ण बुडवलेली बरी.

एवढं झालं की मागे सरका. गाय चाटत असेल तर तिला चाटू द्या. तिच्या खरखरीत जिभेने वासराचं रक्ताभिसरण वाढतं, अंग सुकतं, आणि मुख्य म्हणजे वासाची ओळख पटते. गाय आपलं वासरू प्रामुख्याने वासावरून ओळखते. त्यामुळे या वेळी वासराला साबणाने धुणं, दुसऱ्या गोठ्यात नेणं, चार जणांनी हाताळणं हे सगळं टाळा. गाय चाटत नसेल तर जन्माच्या वेळचा स्राव वासराच्या पाठीवर राहू द्या, तिच्या नेहमीच्या खाद्यातला कोंडा चिमूटभर त्यावर भुरभुरवा आणि वासरू तिच्या तोंडापुढे ठेवा. पुष्कळ गाया एवढ्यावर चाटायला लागतात.

जमीन मात्र बघून घ्या. वासरू पुन्हा पुन्हा पडतं तेव्हा आपण त्याला अशक्त म्हणून मोकळे होतो, पण खूपदा दोष गुळगुळीत फरशीचा असतो. ओल्या फरशीवर चार खुरं चार दिशांना जातात, वासरू थकतं आणि शेवटी बसून राहतं. जाडसर कोरडं गवत, भुसा किंवा पोती पसरा. निरोगी वासरू अर्ध्या ते एका तासात उभं राहतं आणि पहिल्या दोन तासांत सडाला तोंड लावतं. एवढा वेळ त्याला स्वतःहून प्रयत्न करू द्यावा.

ते नेमकं काय शोधत असतं

एकदा शांतपणे बसून वासराची हालचाल बघा, पुढचं सगळं सोपं जाईल. वासराला सड कुठे असतात हे ठाऊक नसतं. त्याच्यात उपजत असतं ते इतकंच की नाक वर करून आईच्या पोटाखालून सरकत राहायचं आणि जिथे उंच, उबदार, अंधारा खाचा लागेल तिथे तोंड खुपसायचं. असे खाचे दोन, पुढच्या पायामागचा आणि मागच्या पायापुढचा. म्हणून वासरू आधी काखेत जातं, तिथली कातडी चोखतं, काही मिळत नाही म्हणून मागे सरकतं. हा वेडेपणा नाही, शोधाची रीतच तशी आहे.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. जास्त वेतं झालेल्या गायीची कास खाली लोंबते आणि सड वासराच्या गुडघ्यापर्यंत येतात. वासरू मात्र वरच शोधत राहतं. अशा गायीचं वासरू कितीही हुशार असलं तरी त्याला मदत लागणार, हे गृहीत धरून चाला. पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यायलेल्या, गायीचं नेमकं उलट असतं. कास वर, सड आखूड, वासराला जागा बरोबर सापडते, पण गाय उभी राहत नाही.

हात घालण्याआधी बोट घाला

दोन तास उलटले आणि वासराने अजून तोंड लावलेलं नाही. आता मदतीला हरकत नाही, पण आधी अडचण कोणती ते कळायला हवं. हात स्वच्छ धुवा, नखं कापलेली असू द्या. तर्जनी वासराच्या तोंडात, जिभेवर, टाळूच्या दिशेने ठेवा आणि पाच-सात सेकंद थांबा.

वासरात चोखण्याची ओढ असेल तर जीभ बोटाखाली पन्हळीसारखी वळते, बोट टाळूशी दाबलं जातं आणि आत ओढल्याचं स्पष्ट जाणवतं. असं झालं तर वासरू धडधाकट आहे, त्याला फक्त सड सापडलेला नाही. तुमचं निम्मं काम झालं.

ओढ आहे पण क्षीण, दोन-तीनदा चोखून सोडून देतं, तर ते थकलेलं आहे. ओढून काढलेल्या किंवा फार वेळ अडकलेल्या वासरांत हे हमखास दिसतं. डोकं बराच वेळ अडकून राहिलं असेल तर जीभ सुजते, निळसर होते, तोंडाबाहेर लोंबते. अशा जिभेला सडाभोवती पकड घेता येत नाही. सूज उतरायला एक-दोन दिवस जातात. तोवर त्याच्याशी सडावर झगडण्यात काही अर्थ नाही. त्याला चीक दुसऱ्या मार्गाने द्यायचा.

तोंड आतून गार लागलं तर थांबा. थर्मामीटर गुदद्वारात घालून बघा. वासराचं तापमान साधारण ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस, म्हणजे १०१ ते १०३ अंश फॅरनहाइट असतं. ते ३७.५ च्या खाली गेलं असेल तर आधी ऊब. गारठलेलं वासरू नीट चोखतही नाही आणि गिळतही नाही. कोरड्या कापडाने जोरात चोळा, कोरड्या जाड अंथरुणावर ठेवा, गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून छातीशी आणि जांघेत ठेवा. फारच गार पडलं असेल तर ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात डोकं बाहेर धरून बसवतात आणि मग पूर्ण कोरडं करतात. पण अशा आंघोळीने वास धुऊन जातो. परत गायीपाशी नेताना तिच्या अंथरुणातलं ओलं गवत वासराच्या पाठीवर आणि शेपटीच्या बुडाशी चोळा.

बोट आत असतानाच टाळूवरून फिरवा. टाळूला फट असेल तर हाताला लागते, आणि असं वासरू प्यायलं की दूध नाकातून परत येतं. त्यासाठी पशुवैद्यकच हवेत.

आता गायीकडे वळा

गाय उभी आहे ना? व्यायल्यावर ती उठत नसेल, कान गार लागत असतील, मान कुशीकडे वळवून सुस्त पडली असेल तर तो दुग्धज्वर असू शकतो. रक्तातलं कॅल्शियम उतरल्याने हे होतं आणि त्यावर डॉक्टरांनी लगेच उपचार करावे लागतात. अशा गायीखाली वासरू ढकलत बसू नका. चीक हाताने काढा आणि बाटलीने पाजा.

उभी असेल तर मोरकी (तोंडाभोवती बांधायची दोरी) घालून भिंतीशी किंवा कुंपणाशी आखूड बांधा. एक अंग भिंतीला लागलं की तिला एकाच बाजूला सरकता येतं. पुढे गव्हाणीत चारा टाका. नेहमी तिला हाताळणारा माणूसच डोक्याशी उभा राहू द्या, बाकीच्यांना बाहेर काढा. यात लाड करण्याचा भाग नाही. गाय घाबरली की तिच्या रक्तात ॲड्रेनलिन येतं आणि ते पान्ह्याच्या आड येतं. आरडाओरडा, काठी, कुत्रा, अनोळखी माणसं यांतल्या कशानेही कास भरलेली असून दूध उतरत नाही, आणि आपण म्हणतो गाय पान्हा चोरते.

कास कोमट पाण्याने पुसून कोरडी करा. उग्र वासाचं काही लावू नका. मग चारही सडांतून दोन-तीन धारा काढा. सडाच्या तोंडाशी चिकट, घट्ट बूच बसलेलं असतं. ते मोठ्या माणसाच्या बोटांनी पटकन सुटतं, पण अशक्त वासराला सुटत नाही. ते दहा मिनिटं लुचतं, काही येत नाही, आणि नाद सोडतं. धारा काढताना चिकाकडेही लक्ष द्या. पिवळसर दाट चीक ठीक. गाठी, पाण्यासारखा पातळ स्राव, लालसर रंग किंवा गरम दगडासारखा टणक झालेला एखादा भाग दिसला तर कासदाहाची, म्हणजे दगडीची शंका घ्या. त्या सडाला वासरू लावू नका. कास नुसतीच ताठरून सुजली असेल तर, पहिलारू गायींत हे नेहमीचंच, थोडा चीक काढून सड सैल करा. सुजलेला सड वासराच्या तोंडात मावत नाही आणि गायीलाही दुखतो.

वासराला सडाला लावायची पद्धत

वासरू गायीच्या कुशीजवळ आणा, तोंड तिच्या शेपटीकडे आणि ढुंगण तिच्या डोक्याकडे. वासरं नैसर्गिकपणे याच उलट्या स्थितीत पितात, आणि पिताना गायीला मान वळवून वासराच्या शेपटीखाली हुंगता येतं. हे हुंगणं मोडू नका. ओळख पक्की होते ती इथेच.

तुम्ही वासराच्या मागे, त्याला दोन्ही पायांच्या मध्ये हलकेच धरून उभे राहा किंवा गुडघ्यावर बसा. मागे सरकायची वाट तुमच्या पायांनीच बंद होते. आता एक हात जबड्याखाली. मानगूट धरून डोकं खाली दाबायचं नाही, हे दहा वेळा सांगावं लागतं. डोक्याच्या मागे दाब आला की वासरू त्या दाबाविरुद्ध मागे रेटतं. तुम्ही जितकं दाबाल तितकं ते ताठ होईल आणि अखेरीस दोघंही घामाघूम. जबड्याखालचा हात मात्र त्याला चालतो, कारण नाक वर करून शोधायची त्याची सवयच आहे.

जबड्याखालच्या हाताचं एक बोट तोंडाच्या कडेने आत सरकवा. ते चोखायला लागलं की दुसऱ्या हाताने सडाची धार त्या बोटावर, ओठांवर मारा. चिकाची चव लागली की चोखण्याचा जोर वाढतो. आता बोट आणि सड शेजारी शेजारी आणा. सडाचं टोक बोटाला चिकटवून दोन्ही एकदम तोंडात जाऊ द्या, आणि वासरू दोन-तीन घोट गिळलं की बोट हळूच काढून घ्या. बोट फार लवकर काढलं तर सड सुटतो, फार वेळ ठेवलं तर ते बोटालाच सोकावतं. गिळल्याची हालचाल घशाशी दिसली की काढा, एवढीच खूण लक्षात ठेवा.

सुरुवातीला पुढचा सड घ्या. तो वासराच्या जवळ असतो आणि तिथे लाथ लागण्याची शक्यता कमी. लोंबत्या कासेच्या गायीत मात्र जो सड आकाराने लहान आणि त्यातल्या त्यात वर असेल तोच निवडा. जाडजूड सड आधी हाताने रिकामा करून लहान करा.

एक छोटी युक्ती फार कामी येते. वासराच्या शेपटीच्या बुडाशी, वरच्या बाजूला बोटांनी खाजवा. पिताना गाय नेमकी तिथेच चाटते. खाजवलं की कित्येक वासरं शेपूट हलवत पुढे सरकतात आणि चोखायला लागतात. मागून ढकलण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सगळं करूनही दहा-पंधरा मिनिटांत जमलं नाही तर सोडून द्या. वासराला विसावा द्या, गायीला चाटू द्या, तासाभराने परत या. थकलेलं वासरू शिकत नाही. तेवढ्यात घड्याळ बघा, जन्माला किती तास झाले? चार होत आले असतील तर शिकवणी थांबवून बाटली घ्या.

पोटात खरंच जातंय का

सड तोंडात आहे म्हणजे दूध पोटात आहे असं नाही. पिणाऱ्या वासराच्या ओठांच्या कडेला फेस येतो, गिळल्याचा आवाज येतो, शेपूट डोलते, मधूनच ते कासेला ढुशी देतं आणि पुन्हा लय पकडतं. सोडलेला सड ओला, चकचकीत आणि सैल दिसतो. प्यायल्यावर कुशी भरलेली असते आणि वासरू निवांत झोपतं. याउलट ते या सडावरून त्या सडावर उड्या मारत असेल, सारखं ढुसण्या देत असेल, तोंडाला फेस नसेल आणि थोड्या वेळाने पुन्हा हंबरत असेल तर त्याला काही मिळत नाही. बूच सुटलंय का, गाय पान्हावली का, हे दोन्ही पुन्हा तपासा.

पहिले काही दिवस वासरू दिवसातून पाच ते दहा वेळा, दर खेपेस पाच-दहा मिनिटं पितं. सकाळ-संध्याकाळ दोनदाच सोडणार असाल तर निदान पहिले तीन-चार दिवस तरी खेपा वाढवा.

बाटली, आणि नळी

चार तासांपर्यंत जमलं नाही तर त्याच गायीचा चीक स्वच्छ भांड्यात काढा आणि बाटलीने पाजा. चीक अंगाच्या उबेइतका, ३८ ते ४० अंश, असावा. बाटली उलटी धरल्यावर थेंब थेंब पडायला हवा. धार लागत असेल तर बोंडलीचं, म्हणजे बाटलीच्या चोखणीचं, भोक मोठं आहे आणि चीक श्वासनलिकेत जाऊ शकतो. वासरू उभं किंवा छातीवर बसलेलं असावं, मान पुढे ताणलेली, नाक पाठीच्या रेषेपेक्षा जरासंच वर. डोकं आभाळाकडे करून पाजणं धोक्याचं. तोंड उघडून भांड्याने किंवा बांबूच्या नळीने ओतणं तर नकोच. असं ढोसलेलं दूध फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो, आणि वासरू दोन-चार दिवसांनी जातं तेव्हा कारण कुणाच्या लक्षातही येत नाही.

चोखून पिण्याचा आणखी एक फायदा आहे. वासरू चोखतं तेव्हा अन्ननलिकेच्या शेवटी असलेली एक घळ मिटून तिची नळी होते आणि दूध पहिल्या कप्प्यांना वळसा घालून थेट चौथ्या, खऱ्या जठरात उतरतं. म्हणून शक्य तोवर चोखूनच पिऊ द्यावं.

आईचा चीक नसेल, कमी असेल किंवा दगडी झाली असेल तर दुसऱ्या निरोगी गायीचा चीक चालतो. ज्यांच्याकडे जनावरं जास्त आहेत त्यांनी चांगला चीक गोठवून ठेवावा. उणे २० अंशांवर तो वर्षभर टिकतो. चिकाचा कस मोजणाऱ्या ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणावर २२ किंवा जास्त आकडा आला तर चीक चांगला समजतात. नुसत्या दाटपणावरून नेमका अंदाज लागत नाही. गोठवलेला चीक ५० अंशांपर्यंतच्या पाण्यात भांडं ठेवून वितळवायचा. चुलीवर किंवा गॅसवर उकळला की अँटिबॉडी नष्ट होतात आणि उरतं ते नुसतं अन्न.

बोट तोंडात घालूनही वासरू अजिबात चोखत नसेल तर बाटलीही निरुपयोगी. मग अन्ननलिकेतून नळी घालून चीक द्यावा लागतो. हे काम पशुवैद्यकाने किंवा त्यांच्याकडून शिकलेल्या माणसानेच करावं. नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर वासरू जागच्या जागी दगावू शकतं. सहा तासांच्या आत हे झालं पाहिजे, म्हणून फोन पाचव्या तासाला न करता तिसऱ्या-चौथ्या तासालाच करा.

जन्मून काही तास झाले, ऊबही आहे, पण वासरू भान हरपल्यासारखं कोपऱ्यात तोंड लावून उभं राहतं, आईकडे बघतही नाही, असंही कधी कधी दिसतं. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पशुवैद्यक जॉन मॅडिगन यांनी अशा शिंगरांसाठी छातीभोवती दोरी आवळून साधारण वीस मिनिटं झोपवण्याची पद्धत विकसित केली. काही पशुवैद्यक ती वासरांवरही वापरतात. ओढून काढलेल्या वासराच्या बरगड्या मोडलेल्या असू शकतात, म्हणून हा प्रयोग डॉक्टर समोर असल्याशिवाय करू नका.

बाटलीवरून सडावर

चीक पोटात गेला की घाई संपली. आता शिकवणी निवांत करता येते, फक्त बाटलीची सवय घट्ट होऊ द्यायची नाही. पुढच्या वेळी बाटली गायीच्या कुशीशीच, सडाच्या उंचीवर धरा, म्हणजे वासरू आईच्या पोटाखाली मान घालूनच पिईल. पोटभर देऊ नका. निम्मी बाटली झाली, ते जोरात चोखतंय, अशा वेळी बोंडली काढून त्याच जागी दूध पाझरणारा सड द्या. पहिल्यांदा फसेल, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बहुधा लागेल. भूक लागलेलं पण न दमलेलं वासरू यासाठी सर्वांत चांगलं, म्हणून प्रयत्न नेहमी पोट भरण्याआधीच करा. उपाशी ठेवून शिकवायचा हट्ट मात्र नको. नवजात वासराच्या अंगात साठा फारच थोडा असतो.

गाय जवळ येऊ देत नसेल तर

पहिलारू गाय लाथ मारते ती बहुतेक वेळा रागाने नाही, तर कास दुखते आणि काय चाललंय ते कळत नाही म्हणून. तिला मारलं तर वासरू जवळ येणं आणि मार बसणं या दोन गोष्टी तिच्या डोक्यात एकत्र बसतात. आधी हाताने सड कुरवाळून, थोडा चीक काढून ताण कमी करा. तरी पाय उचलत असेल तर एकाने शेपूट बुडाशी धरून सरळ वर उचलून धरावी, झटका न देता. पुष्कळ गायी एवढ्याने पाय टेकून राहतात. तेही पुरलं नाही तर मागच्या दोन्ही पायांना ढोपरांच्या वर आठच्या आकड्यात दोरी घाला. गाठ एका झटक्यात सुटणारी हवी, कारण गाय खाली बसली तर वासरू तिच्याखाली सापडतं.

असं दिवसातून चार-पाच वेळा करा. मधल्या वेळात वासरू तिला दिसेल, हुंगता येईल, पण शिंग लागणार नाही अशा आडोशाला ठेवा. बहुतेक गाया दोन-चार दिवसांत निवळतात. वासराचं पचलेलं दूध तिचंच असतं आणि वासराच्या शेणामुताला तिच्या ओळखीचा वास येऊ लागतो, त्याचाही उपयोग होतो. शिंगाने वासराला उचलून फेकणारी गाय मात्र वेगळी. तिच्याजवळ वासरू एकटं कधीच सोडू नका. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन हा उपाय डॉक्टरांनी ठरवायचा, आपण बाटली आणून टोचायचा नाही.

म्हशीचं थोडं निराळं. पान्हा यायला तिला गायीपेक्षा वेळ लागतो आणि सडाचं तोंडही घट्ट असतं. अशक्त पारडू दोन मिनिटांत कंटाळतं, तोवर म्हैस पान्हावलेलीच नसते. आधी हाताने सड चोळून पान्हा उतरवा, धार सुरू झाली की मगच पारडू लावा.

पुढचे दोन-तीन दिवस

वासरू लागलं म्हणजे लक्ष काढून घ्यायचं नाही. पहिलं काळं, चिकट शेण पहिल्या दिवसात पडलं पाहिजे. चीक सारक असल्याने तो मिळाला की हे आपोआप होतं. रोज सकाळी वासरू स्वतः उठून आईकडे जातं का, उठल्यावर आळस देतं का, ते बघा. कान पडलेले, डोळे खोल गेलेले, पातळ जुलाब, बेंबी गरम किंवा सुजलेली, आधी चोखणारं वासरू अचानक तोंड फिरवायला लागलं, यांतलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा.

आणि कासेकडे बघायला विसरू नका. लहान वासरू चारही सड रिकामे करत नाही, आपल्या आवडीचे एक-दोनच धरतं. राहिलेल्या सडांत दूध तुंबून दगडीला वाट मिळते. ते सड दिवसातून दोनदा हाताने मोकळे करा, आणि वासराला आळीपाळीने त्यांनाही लावत जा.